संध्याकाळी उघडणारी न्याहारी

लोअर परळला एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात यंदा डिमसमचं नवं रेस्टॉरंट उघडलं आणि थोड्याच दिवसांत शनिवारी रात्री तिथे टेबल मिळेनासं झालं. दार दुपारी बाराला उघडतं. तेव्हा आत गिऱ्हाइकांपेक्षा वेटर जास्त असतात. आसपासच्या ऑफिसांतले दोन-चार गट येतात, ठरावीक दरातलं दुपारचं जेवण आटोपतात आणि घड्याळाकडे बघत निघून जातात. खरी वर्दळ रात्री साडेआठनंतर. काचेपलीकडच्या स्वयंपाकघरात बांबूच्या टोपल्यांचे मनोरे चढतात, वाफेचे लोट उठतात. काचेच्या अलीकडे मंडळी कॉकटेलचा पहिला ग्लास संपवून ‘सुरुवातीला काहीतरी’ म्हणून डिमसम मागवतात. मग नूडल्स, मग भात, मग गोड.

हा पदार्थ जिथला, त्या दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतात आणि हाँगकाँगमध्ये हा सगळा क्रम उलटा आहे. तिथे डिमसम ही सकाळची गोष्ट. डिमसमचे आचारी उजाडायच्या आत कामाला लागतात, टोपल्या सकाळपासून दुपारी दोन-अडीचपर्यंत फिरतात आणि मग चूल दुसऱ्या आचाऱ्यांच्या ताब्यात जाते. रात्रीचा स्वयंपाक वेगळा, तो करणारे हातही वेगळे. अलीकडे तिथेही रात्री डिमसम देणारी हॉटेलं निघाली आहेत, नाही असं नाही. पण रविवारी सकाळी आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळं घर गोल टेबलाभोवती बसलेलं दिसतं, ते डिमसमसाठी. आपल्याकडे टोपली आली, सकाळ आली नाही. लोअर परळच्या त्या रेस्टॉरंटमध्ये वेगवेगळ्या वेळी बसून, स्वयंपाकघरात डोकावून आणि तिथल्या माणसांशी बोलून मला जे दिसलं त्यातलं बरंचसं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं.

ग्वांगडाँगमध्ये या खाण्याला निघताना लोक ‘याम चा’ला चाललो म्हणतात, म्हणजे चहा प्यायला. बसल्याबरोबर वेटर आधी चहाच विचारतो: काळपट आणि मातकट वासाचा पू-अर, हलका शौ मेई, चमेलीचा, तिएगुआनयिन की शेवंतीच्या फुलांचा? वाफवलेल्या डुकराच्या मांसावर आणि तळणीवर पू-अर बरा, असं जुनी माणसं मानतात. पहिल्या किटलीतल्या चहानं पेले, वाट्या आणि चॉपस्टिक्स खळबळून घ्यायच्या, हा हाँगकाँगचा रिवाज. चहा ओतताना दुसऱ्यांचे पेले आधी, आपला शेवटी. कुणी आपला पेला भरला तर बोलणं न तोडता टेबलावर दोन बोटं हलकेच आपटायची. झाले आभार मानून. याची गोष्ट छ्येनलोंग सम्राटाशी जोडतात. सम्राट वेषांतर करून हिंडत होता, चहाघरात त्यानं सोबतच्या सेवकाचा पेला स्वतःच्या हातानं भरला. लोटांगण घालावं तर सम्राटाचं बिंग फुटणार. तेव्हा सेवकानं दोन बोटं वाकवून टेबलावरच दंडवत घातला. गोष्ट खरी असेलच असं नाही, बोटं मात्र आजही आपटतात. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं करून ठेवायचं, वेटर काही न विचारता गरम पाणी भरून जातो. एकट्या माणसाचा हिशेब ठरलेला: एक पेला चहा, दोन जिन्नस आणि वर्तमानपत्र. त्याला कुणी उठवत नाही.

ही चहाघरं ग्वांगझू शहरात एकोणिसाव्या शतकात भरभराटीला आली. ताओताओजू 1880 चं, लियानश्यांगलौ 1889 चं. 1920 आणि 1930 च्या दशकांत त्यांच्यात अशी चुरस लागली, की दर आठवड्याला नव्या जिन्नसांची यादी लावायची पद्धत पडली. आज जगभर डिमसम म्हणून जे काही खाल्लं जातं, त्यातला बराचसा ऐवज त्या चुरशीनं दिला. हाँगकाँगनं तो उचलला आणि त्याला आपली घाई आणि आपला गोंगाट दिला. तिथलं लुक यू हे चहाघर 1933 पासून चालू आहे. वेलिंग्टन स्ट्रीटवरचं लिन हाँग हे ग्वांगझूच्या लियानश्यांगलौचंच भावंड. तिथे टोपल्यांची गाडी स्वयंपाकघरातून बाहेर पडली की लोक आपापली कार्डं घेऊन तिच्यावर तुटून पडत. 2022 मध्ये ते बंद पडलं तेव्हा हाँगकाँगकरांना घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. पुढे ते पुन्हा उघडलं.

कार्डाचं जरा सांगायला हवं. टेबलावर एक छापील कार्ड असतं. त्यावर लहान, मध्यम, मोठा आणि खास असे रकाने. गाडीवरून टोपली उचलली की त्या रकान्यात शिक्का पडतो. पदार्थ कुठला हे कार्डाला ठाऊकच नसतं, त्याला फक्त दर ठाऊक. आता बहुतेक ठिकाणी गाड्या गेल्या, त्यांच्या जागी पेन्सिलीनं खुणा करायचे कागद आले, आणि ते खाण्याच्या दृष्टीनं बरंच झालं. गाडीवरची टोपली चार टेबलं फिरून आपल्यापर्यंत येईतो निम्मी मेलेली असते. तरी हाँगकाँगच्या सिटी हॉलमधल्या मॅक्सिम्स पॅलेसमध्ये गाड्या अजून फिरतात आणि त्या पाहायला पर्यटक रांग लावतात.

दराच्या बाबतीत एक उदाहरण बोलकं आहे. माक क्वाय-पुई हे हाँगकाँगच्या फोर सीझन्स हॉटेलातल्या लुंग किंग हीनमध्ये डिमसम करायचे. मिशेलिनचे तीन तारे मिळवणारं ते पहिलं चिनी रेस्टॉरंट. ते सोडून माक यांनी 2009 मध्ये माँग कॉकच्या गजबजाटात टिम हो वान नावाचं जेमतेम वीसेक माणसांचं हॉटेल काढलं. पंचतारांकित हात आणि गल्लीतला दर. थोड्याच काळात त्यालाही एक तारा मिळाला, रांगा कोपऱ्याबाहेर गेल्या आणि जगातलं सर्वांत स्वस्त तारांकित हॉटेल म्हणून त्याचा बोलबाला झाला. गोड कुरकुरीत पापुद्र्याचे भाजलेले पोर्क बन ही त्यांची खासियत. सकाळी कामावर जाणाऱ्या माणसाच्या खिशाला परवडणारं खाणं उत्तम असू शकतं, हे तिथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

लोअर परळला चार हार गावची, म्हणजे कोळंबीच्या डम्पलिंगची, टोपली सातशेच्या पुढे जाते. चहा मेन्यूच्या शेवटच्या पानावर, कोल्ड कॉफीच्या खाली. पू-अर आहे का विचारलं तर वेटर मुलगा आत जाऊन विचारून आला. होता. पण तो आला डिमसम खाऊन झाल्यावर, जेवणानंतरच्या कॉफीसारखा, सोबत साखरेच्या पुड्या.

आता हार गावकडे वळतो, कारण डिमसमवाल्याची परीक्षा त्याच्यात असते. कोळंबीचं सारण, वर अर्धपारदर्शक पारी, आतला गुलाबी रंग बाहेरून दिसलाच पाहिजे. ग्वांगझूच्या नदीकाठी एका गावात गेल्या शतकाच्या सुरुवातीला ताजी कोळंबी भरून तो पहिल्यांदा केला, असं सांगतात. पारीसाठी गव्हाचं पीठ घेत नाहीत, गव्हाचा निव्वळ स्टार्च घेतात. कणीक पाण्यात धूत राहिलं की चिकट ग्लुटेन हातात उरतं आणि पाण्यात पांढरा साका बसतो, तो हा स्टार्च. त्यात थोडा टॅपिओकाचा मिसळायचा, वरून उकळतं पाणी ओतायचं, झाकून ठेवायचं आणि गरम असतानाच चरबी किंवा तेल लावून मळायचं. ग्लुटेन नाही म्हणून काच, आणि ग्लुटेन नाही म्हणूनच ताण नाही. ही पारी ओढली की फाटते, गार झाली की तडकते.

मराठी वाचकाला इथे उकडीचे मोदक आठवणार, आणि आठवावेतच. साम्य नुसतं दिसण्यात नाही, कृतीत आहे. तांदळाच्या पिठातही ग्लुटेन नसतं, म्हणून उकड काढावी लागते: उकळत्या पाण्यानं स्टार्च फुलतो आणि तोच पिठाला धरून ठेवतो. सारण भरून कळ्या पाडणं, वाफ देणं, सगळं तेच. फरक हातात आहे. मोदकाची पारी अंगठ्यानं पसरतात, कळ्या चहूकडून वर जाऊन नाकाशी मिळतात. हार गावची पारी लाटतही नाहीत. तेल लावलेल्या रुंद सुऱ्याचं पातं आडवं धरून गोळी एका फटक्यात दाबतात आणि फिरवतात, तेवढ्यात कागदासारखी चकती तयार. कळ्या फक्त एका बाजूला. किमान सात हव्यात, चांगल्या कारागिराच्या दहाच्या वर जातात. दुसरी बाजू सपाट ठेवून दोन्ही कडा जुळवल्या की पदार्थाला पोट येतं.

स्वयंपाकघरात कळ्या पाडत होता तो कालिम्पोंगचा. तिशीतला, बोलायला लाजरा. बोटं मात्र थांबत नव्हती. दिल्लीतल्या एका हॉटेलात मलेशियाहून आलेल्या चिनी शेफच्या हाताखाली शिकला. सुरुवातीचे कित्येक महिने त्याला पारीला हात लावू दिला नाही, नुसती कोळंबी धुवायला लावली. हे उगाच नाही. कोळंबी मीठ आणि सोडा चोळून वाहत्या गार पाण्याखाली बराच वेळ धरतात, मग टिपून कोरडी करतात. दाताखाली तिचा कट्‌ असा आवाज येतो तो त्यामुळे. सारणात बांबूच्या कोंबाचे बारीक तुकडे आणि थोडी डुकराची चरबी असते. इथे चरबी वगळली आहे, तेल घातलंय. मी विचारलं, पारीचं सगळ्यांत अवघड काय? तो म्हणाला, “एसी, सर. ठंडा हुआ तो मर गया.” म्हणून त्याच्या पाटावरचा गोळा कायम ओल्या फडक्याखाली आणि मुंबईच्या उकाड्यातही त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद.

हे मरण टेबलावरही येतं. वाफेतून काढलेल्या हार गावची पारी पहिली दोन-तीन मिनिटं मऊ आणि लवचिक असते. गार होऊ लागला की स्टार्च पुन्हा आकसतो, पारी पांढुरकी आणि चिवट होते. बाजूच्या टेबलावर टोपली आली. झाकण उचललं, वाफेचा फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा झाकलं, पुन्हा उचललं, मग ग्लासांची टक्कर, मग चॉपस्टिक्स. तोवर त्या बिचाऱ्यानं जीव सोडला होता. मोटारसायकलवरून घरपोच येणाऱ्या डब्यातल्या डिमसमबद्दल तर बोलायलाच नको. बांबूची टोपली दिसायला छान म्हणून वापरत नाहीत. बांबू वाफ शोषून घेतो, धातूच्या झाकणासारखं पाणी खाली टपकवत नाही. त्याच टोपलीच्या पोटी प्लास्टिकची पिशवी आणि वरती रबरबँड म्हणजे सगळ्या युक्तीवर पाणी.

इथला हार गाव चांगला आहे, हे सांगून टाकतो. पारी जरा जाड, पण सारण ताजं. च्योंग फन त्याहून चांगले: तांदळाच्या पातळ पिठाचा तलम कापडासारखा थर वाफेवर धरायचा, आत कोळंबी ठेवून गुंडाळायचा, वर गोडसर सोया. सगळ्यांत वर मी मुळ्याची वडी ठेवीन, जिला लो बाक गो म्हणतात. किसलेला पांढरा मुळा आणि तांदळाचं पीठ वाफवून, थापून, कापून मग तव्यावर परततात. बाहेरून खरपूस, आत लुसलुशीत. ती कुणी मागवताना दिसलं नाही. मुळ्याचं नाव वाचून लोक पुढे सरकतात.

शियाओलोंगबाओची मात्र निराशा झाली. मुळात हा ग्वांगडाँगचा पदार्थच नाही. शांघायजवळच्या नानश्यांगचा, 1870 च्या दशकातला. आत रस्सा असतो. तो आत भरतात कसा, याचं नवख्याला कोडं पडतं. डुकराच्या कातडीचा रस्सा आटवून गार केला की थिजतो. तो बारीक चिरून सारणात मिसळायचा, वाफेत तो वितळतो. त्याला जगभर नेलं तैपेईच्या दिन ताय फंगनं. यांग बिंग-यी यांनी 1958 मध्ये खाद्यतेलाचं दुकान म्हणून ते काढलं. तेलाचा धंदा बसला, तेव्हा 1972 मध्ये अर्ध्या दुकानात शियाओलोंगबाओ सुरू केले. पारी 5 ग्रॅम, सारण 16, एकूण 21 ग्रॅम आणि कळ्या 18, असा त्यांचा काटेकोर हिशेब. यांग 2023 मध्ये 96 व्या वर्षी वारले. लोअर परळला डुकराऐवजी कोंबडीचा रस्सा घातला होता, त्याला पुरेसा चिकटपणा नाही. पारी जाड आणि चमच्यात रस्सा चहाच्या दोन थेंबांइतका.

शियाओलोंगबाओ, हार गाव, उत्तर चीनमधले ज्याओझ, सिचुआनच्या तिखट तेलातले वाँटन, जपानी ग्योझा असं सगळं एका पानावर ‘डिमसम’ या मथळ्याखाली आहे. चीनइतका मोठा देश आणि त्याची पूर्वेकडची शेजारीण मिळून एका पानात. वेटर मुलगा मणिपूरचा होता. एका काकूंनी त्याला विचारलं, “म्हणजे हे मोमोच ना?” तो हसून हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? तिबेट-नेपाळकडून आलेल्या मोमोनं आपल्या रस्त्यांवर आधीच जम बसवला आहे. त्याच्या मैद्याच्या जाड पारीशी हार गावचं फारसं नातं नाही, पण गिऱ्हाइकाला ओळखीचं काहीतरी हवं असतं.

आता एक गोष्ट कायम मनात येत राहते. मुंबईत डिमसम लंडनमार्गे आलं. यावात्चा हे ॲलन याऊ यांनी 2004 मध्ये लंडनच्या सोहो भागात काढलेलं, मिशेलिनचा तारा मिळवलेलं चहाघर. 2011 मध्ये त्याची शाखा वांद्रे-कुर्ला संकुलात उघडली आणि श्रीमंत मुंबईला डिमसमचा नाद लागला. पण ग्वांगडाँगची माणसं मुंबईत त्याच्या कितीतरी आधीपासून होती. माझगावला, गोदीच्या आसऱ्यानं, चिनी खलाशी आणि कारागीर वस्तीला होते. नवाब टँकजवळ त्यांचं सी यूप कून हे मंदिर 1919 चं. सी यूप म्हणजे ग्वांगडाँगमधले चार तालुके, तिथल्या लोकांनी ते बांधलं. वर रणदेव ग्वान गोंगची मूर्ती, उदबत्त्यांची राख, लाल कागद. कामाठीपुऱ्यात शुक्लाजी स्ट्रीटच्या आसपास चिन्यांची दुकानं होती. दाताचे डॉक्टर, चपलांचे कारागीर, केस कापणाऱ्या बायका. कुलाब्याला नानकिंग, चर्चगेटला कामलिंग ही हॉटेलं दक्षिण मुंबईच्या जुन्या पिढीच्या तोंडी अजून आहेत.

मग 1962 चं युद्ध झालं. भारतातल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं, काहींना तर अनेक वर्षं. बाकीच्यांच्या हिंडण्याफिरण्यावर निर्बंध आले. ज्यांना जमलं ते पुढे कॅनडाला वगैरे निघून गेले. माझगावची वस्ती विरळ होत गेली. चिनी खाणं मात्र त्यानंतरच गल्लोगल्ली पसरलं, हे विचित्रच. कोलकात्याहून मुंबईत आलेल्या नेल्सन वाँग यांनी 1975 च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं-लसूण-मिरचीच्या फोडणीत सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घालून चिकन मंचुरियन केलं, ते त्यांच्या चायना गार्डनपासून नाक्यावरच्या लाल रंगाच्या गाडीपर्यंत पोचलं. पुढे शेजवान चटणी, ट्रिपल राइस आणि चायनीज भेळ. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही, गाडीवरची शेजवान मला आवडते. पण मंचुरियनला कढई आणि मोठा जाळ पुरतो. डिमसमला पहाटे उठणारे हात आणि सकाळी येणारं गिऱ्हाईक लागतं, आणि ती वस्तीच उरली नव्हती.

ती जिथे थोडीफार उरली आहे तिथे न्याहारीही उरली आहे. कोलकात्यात अठराव्या शतकात तोंग आछ्यू नावाचा चिनी व्यापारी आला. वॉरन हेस्टिंग्जनं त्याला बजबजजवळ जमीन दिली, तिथे त्यानं साखरेचा कारखाना काढला. त्या गावाला आजही आछीपूर म्हणतात. पुढे शहरात तिरेट्टा बाजारात चिन्यांची वस्ती झाली. हा बाजार मूळ एदुआर्दो तिरेट्टा या व्हेनिसच्या माणसाचा, कोलकात्यात कुणाचं नाव कशाला चिकटेल सांगता येत नाही. मी गेलो तो रविवार होता, उजाडत होतं. सुन यत-सेन स्ट्रीटच्या तोंडाशी पोद्दार कोर्टामागे पदपथावर टेबलं लागली होती. ॲल्युमिनियमच्या चळती वाफाळत होत्या. पोर्कचे स्यू माय, भलेमोठे बाओ, माशांच्या गोळ्यांचं सूप, कोळंबीचे वेफर. विकणाऱ्यांत चिनी चेहरे मोजके, बाकी बंगाली आणि बिहारी. बांबूच्या टोपल्या नव्हत्या, पारी जाड होती, अठरा कळ्या कुणी मोजत नव्हतं. चहा दुधाचा, मातीच्या भांड्यात. पण लोक उभ्यानं खात होते, ओळखीच्यांना हाका मारत होते, उरलेलं पिशवीत बांधून घरी नेत होते. एक चिनी म्हातारबुवा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून सूप पीत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी बंगालीत भांडत होते. आठ वाजता टोपात जवळजवळ काही उरलं नाही, नऊला पदपथावर भाजीवाले होते.

लोअर परळला परत आल्यावर मी हेच व्यवस्थापकापाशी काढलं. गिरगावात वाढलेला मराठी मुलगा, हॉटेल मॅनेजमेंट शिकून दुबईत काही वर्षं काढून आलेला. सकाळी का नाही उघडत? “सर, दहाला उघडायचं तर पोरांना सहाला बोलवायला लागेल. ती राहतात नालासोपाऱ्याला. आणि येणार कोण? सकाळी माणूस इडली खातो, चाळीस रुपयांत. माझी टोपली सातशेची. भाडं चौरस फुटावर आहे, ते चहावर नाही निघत, दारूवर निघतं.” त्याचं गणित चुकीचं आहे असं मला म्हणता येईना. रविवारी दुपारी ‘अमर्याद डिमसम’ असतं, पण त्यात पैसे वसूल करायला आलेली मंडळी असतात आणि पारी करणाऱ्यांना मान वर करायला वेळ नसतो.

रात्रीमुळे पदार्थही बदलतो. कॉकटेलसोबत हलका, नुसत्या कोळंबीचा स्वाद टिकत नाही, मग सारणात चीज येतं, क्रीम येतं, ट्रफलचं तेल येतं. यावात्चानं रुळवलेलं एडामामे आणि ट्रफलचं डम्पलिंग आता मुंबईत जवळपास प्रत्येक मेन्यूवर आहे. मूळचं ठीक होतं. नकलांमध्ये ट्रफलचा वास इतका भपकारतो, की बाजूच्या टेबलावर कुणी काय मागवलं ते वळून न बघता सांगता येतं.

शाकाहारी डिमसमबद्दल मात्र मला कुरकुर करायची नाही. चीनमध्येही बौद्ध मठांच्या स्वयंपाकातून शाकाहारी पदार्थांची मोठी परंपरा आहे. इथल्या मेन्यूचा जवळजवळ अर्धा भाग शाकाहारी आहे, एक रकाना जैन. तिथे कांदा-लसूण तर नाहीच, कंदमुळं नाहीत, अळंबी नाही. कालिम्पोंगच्या त्या शेफला या रकान्यानं सगळ्यांत जास्त डोकं चालवायला लावलं. कुरकुरीतपणासाठी चिनी लोक वॉटर चेस्टनट घालतात. तो आपला शिंगाडा नव्हे. शिंगाडा पाण्यावर तरंगणाऱ्या वेलीचं फळ, हा चिखलातला कंद. म्हणून जैन रकान्यातून बाद. त्यानं शिंगाडाच घालून पाहिला. बांबूचा कोंब, कोबी, शिंगाडा आणि पांढरी मिरी असं ते सारण आता काचेसारख्या पारीत जातं, आणि ट्रफलवाल्या भावंडापेक्षा ते कितीतरी बरं लागतं.

जायचं असेल तर मधल्या वारी, बाराच्या ठोक्याला जा. पारीचा गोळा तेव्हा ताजा असतो आणि आचाऱ्यांना घाई नसते. बसल्याबरोबर पू-अर मागा, ‘आधी आणा’ असं दोनदा सांगा, साखर परत पाठवा. सगळ्या टोपल्या एकदम मागवू नका, नाहीतर पाच एकदम येतात आणि चार गार होतात. हार गाव, च्योंग फन, मुळ्याची वडी, जैन रकान्यातलं शिंगाड्याचं डम्पलिंग, या क्रमानं एकेक. शियाओलोंगबाओ सोडून द्या. कोंबडीचे पाय, ज्यांना तिथे फिनिक्सचे पंजे म्हणतात, ते मेन्यूवर नाहीत, पण गुरुवारी स्टाफच्या जेवणात असतात; शेफला विचारलं आणि त्याची लहर असली तर एक वाटी मिळते. किटलीचं झाकण तिरकं करून ठेवलं तर तो मणिपूरचा मुलगा ते उचलून नीट लावून जातो. त्याच्याकडे गरम पाणी तोंडानंच मागावं लागतं, आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.